बांधावरच्या बाभळीची बैठक

सासऱ्यांचं माप मी ते झोपलेले असताना घेतलं, इथंच चुकलं. दुपारची जेवणं झाली होती. ते ओसरीत बाजेवर उताणे पडले होते, डोळ्यांवर टॉवेल टाकून. मला त्यांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर हवं होतं. जागेपणी मागितलं असतं तर कशाला म्हणून विचारलं असतं, आणि मला तर ते गुपित ठेवायचं होतं. म्हणून मी खिशातून टेप काढला, बाजेशी ओणवा झालो आणि पट्टीचं टोक हळूच त्यांच्या टाचेला लावलं. दुसरं टोक गुडघ्यावर नेतो न नेतो तोच टेपाचं बटण सुटलं आणि पट्टी खर्रकन आत गेली. टॉवेल बाजूला झाला.

"काय करायलाव, जावईबापू?"

"काही नाही मामा, माप घेतोय."

हे बोलून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. उताण्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं माप आपल्याकडं कुणी घेत नाही. घेतलंच तर बांबू आणायला निघालेल्या माणसानं. सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तांब्यासकट तिथंच थांबल्या. सासऱ्यांनी मात्र पाय जरासे जवळ ओढून घेतले आणि म्हणाले,

"अजून टाईम हाय."

एवढं बोलून त्यांनी टॉवेल परत डोळ्यांवर घेतला.

दिवेलागणीला सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या सासऱ्यांवरून ओवाळल्या की माझ्यावरून, हे मी विचारलं नाही. बायकोनं टेप उचलून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला, लहान लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा.

आता हे माप कशासाठी, ते सांगतो.

माझं सासर जळकोटजवळच्या एका खेड्यातलं. मी मूळचा भोकरकडचा, नोकरीनिमित्त नांदेडला स्थायिक. आमच्या भागात येळवशीचं, म्हणजे वेळ अमावस्येचं, एवढं प्रस्थ नाही. लग्न झालं त्या वर्षी सासरहून निरोप आला की अमुक दिवशी अमावस्या आहे, जेवायला या. मला वाटलं, अमावस्येला कोण पाहुणे बोलावतं? गेल्यावर कळलं की त्या दिवशी लातूरकडं गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. सगळं गाव शेतात. ज्वारीच्या कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेल्या पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि मग काळ्या मातीत मांडी घालून भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं काय काय हाणायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे मला पहिल्या वर्षी कळलं. ती सगळ्या हिरव्या शेंगांची आणि भाज्यांची बेसन घालून केलेली एक अफाट भाजी असते. वर मडक्यातली गार आंबील. ती पिऊन त्या वर्षी मी कोपीच्या मागं असा झोपलो की नवा जावई हरवला म्हणून लोक विहिरीत डोकावून आले.

सासरच्या शेतात एक रीत आहे. पंगतीत पहिला घास सासऱ्यांचा. त्यांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, तोंडात घातला की मग बाकीच्यांचे हात चालू. हे कुणी कुणाला सांगत नाही. पण त्यांच्या आधी कुणी खाल्लेलं मी तरी पाहिलं नाही, आणि खाण्याच्या बाबतीत मी लक्ष ठेवून असतो.

मग त्यांचे गुडघे गेले. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले आणि सांगितलं, जमिनीवर बसायचं नाही. ऑपरेशनला सासऱ्यांनी साफ नकार दिला. घरात ते बाजेवर बसून, पुढं स्टूल ठेवून जेवायला लागले. ते एक वेळ चाललं. पण येळवशीला मेव्हण्यानं शेतात प्लॅस्टिकची खुर्ची नेली आणि मामांना पंगतीच्या टोकाला बसवलं. आम्ही सगळे खाली आणि ते वर, मांडीवर ताट. लग्नात जेवायला आलेल्या साहेबासारखे दिसत होते. त्यांच्या समोरच कोप, कोपीत लक्ष्मी, तीही खाली. आंबिलीचा पेला त्यांच्या धोतरावर सांडला. त्यांनी पहिला घास घेतला, पण शेवटचाही तोच. पोट भरलं म्हणाले.

पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत. तुम्ही करून या म्हणाले. पंगत बसली, ताटं वाढली आणि कुणाचा हात पुढं होईना. मेव्हणा घरातला कर्ता मुलगा, सगळे त्याच्याकडं बघायला लागले, आणि तो ताटातल्या उंड्याकडं बघत बसला. शेवटी एका लहान पोरीनं रडून खीर मागितली म्हणून जेवणं सुरू झाली. मामांचं ताट झाकून घरी नेलं. ते ओसरीत वाट बघत बसले होते, सकाळपासून उपाशी. बायकोनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि आत जाऊन बराच वेळ पाण्याचा नळ चालू ठेवून उभी राहिली.

तेव्हा मी ठरवलं की मामांसाठी बैठक करायची. खुर्ची नको, पाटही नको, दोहोंच्या मधलं काहीतरी. बसताना गुडघा पुरता मुडपायला नको आणि बसल्यावर पंगतीतून वर निघायला नको.

मी सुतारकाम करतो, हे इथं सांगायला हवं. करतो म्हणजे करत सुटतो. नोकरी सरकारी, तीही बांधकामाच्या खात्यात, पण माझा संबंध फक्त फायलींशी. हातानं काही उभं करावं ही हौस पन्नाशीच्या आसपास उगवली आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून फोफावली. आमच्या पार्किंगमध्ये गाडी उन्हात असते आणि सावलीत माझी करवत, रंधा, ड्रिल. मी केलेला चपलांचा स्टँड भिंतीला टेकून उभा असतो, कारण तो एकटा उभा राहत नाही. देव्हारा केला, त्याचा तळ पुढच्या बाजूला किंचित उतरता झाला. गणपती रोज सकाळी दारापाशी आलेले असतात. बायको म्हणते, देव स्वतः भेटायला येतात असं घर आपलं एकट्याचंच. मेव्हणीला मुलीच्या लग्नात सागवानी पोळपाट दिला. तो डुगडुगतो. तिनं त्याच्याखाली कागदाची घडी ठेवलीय आणि मी गेलो की ती घडी लपवते. माणसं प्रेमळ आहेत.

पण मामांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. ते लेकीच्या घरचं काही घेत नाहीत. जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं, हा त्यांचा कायदा. एकदा मी त्यांच्यासाठी चांगली मूठ असलेली काठी नेली होती. त्यांनी ती कौतुकानं हातात धरली, दोन दिवस वापरली आणि आम्ही निघताना परत आमच्या पिशवीला टेकवून ठेवली. "काठी राहिली होती बगा तुमची," म्हणाले. मी बैठक केली तरी ती अशीच परतीच्या गाडीत बसणार, यात शंका नव्हती.

तोड बायकोनं काढली. त्यांच्या बांधावरची एक जुनी बाभूळ वादळात आडवी झाली होती. तिनं भावाला फोन केला. मेव्हण्यानं ओंडका आरा मशीनवर नेऊन फळ्या पाडल्या आणि ओळखीच्या टेम्पोतून नांदेडला पाठवल्या. लाकूड त्यांचं, बांध त्यांचा, तर वस्तूही त्यांचीच, असा तिचा हिशेब. मी म्हणालो, आणि मेहनत माझी? ती म्हणाली, तिचं कुणी नाव काढणार नाही, काळजी करू नका.

बाभळीसारखं आडमुठं लाकूड नाही. औतं त्याची करतात ते उगाच नाही. माझ्या करवतीचे दात गेले, ड्रिलचं एक टोक आत मोडून बसलं ते अजून तिथंच आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी बायकोला विचारलं, साहेबांना काही टेन्शन आहे का? पण खरं सांगतो, इतकं मन लावून मी फाईलसुद्धा कधी वाचली नाही. बसायची फळी मधे किंचित खोलगट केली. कडा पॉलिश पेपरनं घासून घासून अशा गोल केल्या की धोतर अडकू नये. आणि पाय. पायांवर माझा सगळा जीव. एका व्हिडिओत पाहिले होते तसे वर जाड आणि खाली निमुळते होत गेलेले, बारीक टोकाचे चार पाय. ते चारही एका उंचीचे झाले तेव्हा मी बायकोला खाली बोलावून दाखवले. तिनं बैठक फरशीवर ठेवून चारी कोपऱ्यांवर हात दाबून पाहिला. हलली नाही. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्न ठरलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

उंची मात्र माझ्या त्या झोपेतल्या मापावरून ठरवलेली. पट्टी अर्ध्यात सुटली होती, त्यामुळं उरलेलं अंदाजानं. वर मी चार बोटं जास्तीची धरली, उठायला सोपं जावं म्हणून.

येळवशीच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो, गाडी नेमकी गॅरेजमध्ये होती. बस खच्चून भरलेली. कंधारला एक आजी चढल्या, त्यांनी मधल्या वाटेत ठेवलेली बैठक पाहिली आणि काही न विचारता तिच्यावर बसल्या. जळकोटपर्यंत तशाच बसून आल्या. उतरताना माझ्याकडं वळून म्हणाल्या, आसन चांगलंय लेकरा, जरा उंच हाय. मी हसलो. त्यांना काय कळतंय, असं मनात म्हणालो.

घरी मामांनी बैठक पाहिली. ओसरीत ठेवली होती, त्यांच्या बाजेसमोर. बायको म्हणाली, "आप्पा, तुमच्या बांधावरची बाभळ हाय. ह्यांनी नुसते पाय लावलेत."

मामांनी फळीवरून हात फिरवला. दोनदा फिरवला. बाभळीच्या लाकडाचा तांबूस रंग पॉलिशखाली चांगला उघडला होता. म्हणाले, ह्या बाभळीला पोरं असताना झोका बांधायचो आम्ही. मग काठीवर जोर देऊन बसले. अगदी सहज बसले. तेवढ्यात सासूबाईंनी, जेवणाचं बघून घ्यावं म्हणून, एक रिकामं ताट त्यांच्यासमोर फरशीवर ठेवलं. मामा वाकले. हात ताटापर्यंत पोचेना. आणखी वाकले, तेव्हा बोटं टेकली आणि तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. ते सरळ झाले आणि आमच्याकडं पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्यासमोर खाली बसलो होतो.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी परत समद्यांच्या डोक्यावर बसलोय की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते उठले, बैठक स्वतः भिंतीकडं सरकवली आणि म्हणाले की काम लई चांगलं झालंय, पण उद्या तुम्ही जाऊन या, माझं ताट घरीच येऊ द्या.

मी पाय कापायला निघालो. मेव्हण्याला करवत मागितली, त्यानं फांद्या तोडायची आणली. बायकोनं ती माझ्या हातातून घेतली. तुम्ही एक पाय कापाल, म्हणाली, तो जास्ती कापला जाईल, मग दुसरा, मग तिसरा, आणि सकाळी हातात नुसता पाट राहील. तिनं आमच्या घरातला चपलांचा स्टँड पाहिलेला आहे.

सकाळी ती वडिलांशी बोलली. काय बोलली ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. रडली नाही, आग्रहही केला नाही. गेल्या वर्षी पंगतीत काय झालं तेवढं सांगितलं. दादानं उंड्याला हात लावला नाही, लेकरू रडलं तेव्हा आम्ही जेवलो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मामा बराच वेळ टाचा चोळत बसले. मग म्हणाले, पूजेपुरतं येतो. नारळ फोडून परत येईन, जेवायचं घरी.

टेम्पोत भांडी चढली, आंबिलीचं मडकं, उंड्यांची टोपली. सासूबाईंनी काही न बोलता माझी बैठकही चढवली. टोपलीला मुंग्या लागू नयेत म्हणून तिच्यावर ठेवायची, म्हणाल्या. माझ्या कलाकृतीला उपयोग सापडला म्हणून मी समाधान मानलं.

शेतात हवा थंड होती, ज्वारी पोटऱ्यात आलेली. मामांनी उभ्यानंच पूजा केली, मेव्हण्यानं त्यांच्या हाताला धरून नारळ फोडून घेतला. मग तो आंबील शिंपडत शेताला फेरी घालायला गेला आणि बायका पंगतीची जागा साफ करायला लागल्या. मामा दमले होते. टोपली उचलून त्यांनी बाजूला ठेवली आणि बैठक थोडी लांब, हरभऱ्याच्या कडेला नेली. पंगतीकडं पाठ येईल अशी. टेम्पो परत घरी न्यायला येईपर्यंत तिथं टेकावं, एवढाच विचार. त्या हरभऱ्याला नुकतंच पाणी दिलेलं होतं.

मी त्यांच्याकडंच बघत होतो, म्हणून मला आधी दिसलं. मामा बुटके व्हायला लागले होते. अगदी सावकाश. काळ्या ओल्या मातीत माझे ते नाजूक, निमुळते, जीव ओतून केलेले चार पाय लोण्यात सुरी जावी तसे चालले होते.

मी धावलो. मामांनी हात वर केला.

"थांबा, पाव्हणं. हात लावू नका."

ते मान खाली घालून आपल्याच पायांकडं बघत होते. बैठक आणखी दोन बोटं गेली. डावीकडं जराशी कलली, त्यांनी उजव्या बाजूला वजन टाकलं, ती सरळ झाली. मग आणखी थोडी. पाय जिथं जाड होत गेले होते तिथं मातीनं तिला धरलं आणि ती थांबली. मामांनी हलून पाहिलं. घट्ट. त्यांनी हात खाली सोडला, तो सहज जमिनीला टेकला. चिमूटभर माती बोटांत आली. गुडघे पुढं अर्धे मुडपलेले, पण चेहऱ्यावर कळ नव्हती.

"ताट आणा," ते म्हणाले.

सासूबाईंनी पंगतीकडं बोट दाखवलं, पंगत तर तिकडं मांडलीय म्हणाल्या. मामा हलायला तयार नव्हते. उठलो तर परत वर येईन, म्हणाले. मग बायकोनं आपलं ताट उचललं, हरभऱ्याच्या कडेला येऊन वडिलांच्या शेजारी त्या ओल्या मातीतच मांडी घातली. तिच्या मागून मेव्हणा, मग पोरंसोरं, मग पाहुणे. नव्या साड्या आणि इस्त्रीच्या पँटी चिखलात. मीही बसलो. आता मामांचं डोकं माझ्या डोक्यापेक्षा वर होतं, पण जेमतेम वीतभरच, आणि ते तसंही माझ्यापेक्षा उंच आहेत.

वाढून झालं. सगळे थांबले. मामांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, तोंडात घातला आणि चावता चावता आमच्याकडं बघून म्हणाले, "जेवा की. काय तोंड बगायलाव?"

त्या दिवशी त्यांनी दोनदा भज्जी मागून घेतली. आंबील सांडली नाही. जेवण झाल्यावर उठायची वेळ आली तेव्हा बैठक सोडायला तयार होईना, आणि मामाही. मी समोर बसून खांदा पुढं केला. ते क्षणभर घुटमळले. जावयाच्या खांद्यावर भार द्यायचा, हे त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला वजनदार, आणि माझ्या आधारानं उठले. बैठक मेव्हण्यानं आणि मी मिळून उपटली, मुळा उपटावा तशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मी पिशव्यांच्या बाजूला पाहिलं. तिथं बैठक नव्हती. ओसरीत बाजेखाली ठेवली होती, पायांची माती अजून न धुतलेली.

परतीच्या बसमध्ये मी बायकोला सांगायला लागलो की पाय मातीत रुततील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, उंची चुकली होती, सगळंच चुकलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मग माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "कुणी विचारलं तर सांगा, पाय मुद्दामच तसे केले होते. मी हो म्हणीन."